गोळी होणारा किडा, वाणी आणि शंखी : रानात आले कुठून, वाढले कशानं



नोंद पेडगाव शिवारातलीच आहे, पण यावेळी जरा लांबून सांगणार आहे. वांग्याचं, भेंडीचं, काकडीचं नवं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं. जमिनीलगत खोड कुरतडलेलं, कधी पहिली दोन पानंच गायब. बाजूचं भुसकट हलवलं की खाली राखाडी रंगाचे, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठे जीव पळायला लागतात, आणि हात लावला की त्यातले काही गोल गोळी होऊन बसतात. याला आपल्याकडं सगळ्यांना पटेल असं एक नाव नाही. कोणी वाणीचं पिल्लू म्हणतं, कोणी नुसतंच किडे म्हणतं. मी इथं गोळीकिडा म्हणतो. हा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, औषध कोणतं? औषधाचं पुढं बोलू. त्याआधी हे बघू, की आपल्या बापजाद्यांच्या माळव्यात हा त्रास का नव्हता आणि आताच का डोकं वर काढतोय.

पहिली गोष्ट म्हणजे हा किडा किडाच नाही. कीटकाला सहा पाय असतात, याला चौदा. याचं गोत खेकड्याचं आणि झिंग्याचं. पाण्यातलं हे खानदान कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवर आलं, पण येताना कल्ले सोडून आलं नाही. पोटाखाली मागच्या बाजूला याचे कल्ल्यासारखे अवयव असतात आणि ते ओले राहिले तरच श्वास चालतो. मादी अंडी जमिनीत घालत नाही, पोटाखालच्या ओल्या पिशवीत घेऊन फिरते आणि पिल्लं तिथूनच बाहेर पडतात. म्हणून हा दिवसा ढेकळाखाली, पालापाचोळ्याखाली, गोणपाटाखाली बसतो आणि रात्री निघतो. उन्हात कोरड्या जमिनीवर ठेवला तर वाळून मरतो. खाणं म्हणजे कुजलेलं पान, काडी, शेण. कोवळं, पाणीदार काही तोंडाजवळ आलं तर तेही खातो.

वाणी वेगळी. काही भागात तिला पैसा म्हणतात. लांबट, तांबूस-काळी, पायांची झालरच असते, हात लावला की चकलीसारखी गुंडाळते आणि घाण वास सोडते. तीसुद्धा कीटक नाही. तिसरी शंखी गोगलगाय, तिला तर पायच नाहीत. तिघांची खानदानं तीन, पण राहणी एक: ओल, सावली, कुजकं खाणं आणि रात्रीचं फिरणं. एकाचा इतिहास सांगताना बाकीच्या दोघांचा आपोआप येतो.

जाता जाता एक गंमत. जुन्या काळी युरोपात वैद्य लोक हे गोळीकिडे वाळवून औषध म्हणून द्यायचे. तिथल्या औषधांच्या सरकारी ग्रंथातही त्यांची नोंद होती. आयतीच गोळी झालेली, गिळायला सोपी! गुण येत होता का, ते त्या रोग्यांना विचारायला पाहिजे होतं.

आता आपल्या रानाकडं येऊ. परभणीची जमीन भारी काळी. निजामाच्या राज्यात १९१८ साली परभणीला प्रायोगिक शेती सुरू झाली, तेव्हा आपल्या भागाची ओळख गावरानी कापूस आणि रब्बीची ज्वारी हीच होती. भारी रानात खरिपाला काही न पेरता नुसत्या वखराच्या पाळ्या द्यायच्या आणि ओल धरून आश्विनात ज्वारी पेरायची, ही रीत माझ्या लहानपणापर्यंत चांगलीच टिकून होती. उन्हाळ्यात रान कसं असायचं ते पन्नाशीच्या पुढच्या माणसाला सांगायला नको. नांगरट झालेली, ढेकळं तापलेली, भेगा अशा की पोराचा पाय अडकावा. धसकटं बायांनी वेचून नेलेली. पऱ्हाटी उपटून घरी चुलीला. तुराट्या कुडाला, छपराला. कडबा बैलाला. बांधावरचं गवतसुद्धा जनावरं मुळापर्यंत खायची. रानात पाचोळा म्हणून राहायचाच नाही. मग सावलीला बसणाऱ्या जिवानं बसायचं कुठं?

माळवं असायचं ते विहिरीजवळ, मोटेच्या पाण्यावर, थोडंसं. मेथी, शेपू, चुका, वांगी, भेद्रं, मिरच्या. रोप गादी वाफ्यावर उन्हात वाढवलेलं, चांगलं जून झालेलं, खोड टणक. त्याला आईच्या हातची चुलीतली राख. वाफा भरला की दोन-चार दिवस पाणी नाही, वरचा थर कोरडा. या जिवांनी तिथंही एखाददुसरं रोप खाल्लं असेल. पण त्यांची संख्याच कमी होती, आणि एखादं रोप गेलं तर दुसरं लावायचं, त्याला कोणी रोग म्हणत नव्हतं. मृगाच्या पावसाबरोबर लाल मखमली किडा निघायचा, वाणी निघायची, सगळे म्हणायचे पाऊस आला. त्यांच्याकडं भीतीनं कोणी बघितलं नाही.

पुढं बदल झाला तो पाण्यापासून. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरण देशाला अर्पण केलं. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, तो परभणी जिल्ह्यात आला. मधे १९७२ चा दुष्काळ होऊन गेला होता, माणसं पाण्याला देव मानत होती. त्याच साली १८ मे ला परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं, आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. कालवा, मग विहिरी, मग बोअर, मग ठिबक. वर्षातले आठ-नऊ महिने रानाचा कुठला ना कुठला कोपरा ओला राहायला लागला. जे पाणी पिकाला मिळालं तेच याही जिवांना मिळालं.

दुसरा बदल सोयाबीनचा. १९९० नंतर ते आपल्या भागात पसरत गेलं. परभणीच्या विद्यापीठाच्या एमएयूएस ७१ सारख्या जातींनी त्याला जोर दिला. खरिपात मोकळं राहणारं रान सोयाबीननं झाकलं. पानं पिकून खाली गळतात, मळणीचं भुसकट रानातच पडतं, खाली गार, ओलसर, मऊ. याच्यापेक्षा चांगलं घर या जिवांना कोण बांधून देणार होतं?

तिसरा बदल चुलीचा. हा कोणी मोजत नाही, पण मला तो मोठा वाटतो. गॅस घरोघर आला, २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तर वाडी-तांड्यावरही आला. पऱ्हाटीचं सरपण कमी झालं. ती आधी बांधावर पेटवायला लागले, मग रोटाव्हेटरनं, थ्रेडरनं बारीक करून रानात मिसळायला लागले. बैल गेले, मग कडब्याचंही तेच. उसाचं पाचट न जाळता आच्छादन करा, असं सगळेच सांगतात. बरोबरच सांगतात. जमिनीचा सेंद्रिय कर्ब इतका खाली गेलाय की काडीकचरा परत दिल्याशिवाय गत्यंतर नाही. पण काडी परत दिली की ती खाणारेही परत येणार. गांडूळ येतं तसं वाणी येते, गोळीकिडा येतो. ते आले म्हणून जमीन बिघडली असं नाही. उलट काडी कुजायला लागली याचीच ती खूण आहे.

चौथी गोष्ट रोपाची. आता माळव्याचं रोप नर्सरीच्या ट्रेमधून येतं. कोकोपीटमधलं, शेडनेटच्या सावलीतलं, लुसलुशीत. ते थेट ओल्या बेडवर, ठिबकच्या नळीजवळ, कधी मल्चिंग पेपरच्या छिद्रात. पेपरखाली दिवसभर अंधार आणि ओल. रात्री बाहेर निघणाऱ्याला छिद्रातून वर आलं की समोर ताट वाढलेलं.

हे फक्त आपल्याकडं झालं असतं तर आपलंच काही चुकलं असं म्हटलं असतं. पण साता समुद्रापलीकडं हेच घडलं, आणि तेही सोयाबीनमधेच. अर्जेंटिनात १९९० नंतर नांगर न लावता थेट पेरणीची पद्धत झपाट्यानं पसरली. १९९६ ला तणनाशक सोसणारं सोयाबीन तिथं मंजूर झालं आणि नांगर आणखी मागं पडला. जमिनीची धूप थांबली, ओल टिकली, खर्च वाचला. पण काडीकचऱ्याच्या थराखाली गोळीकिडा वाढला. त्यांच्याकडचा हा मूळचा युरोपातला, भूमध्य समुद्राकडचा, माणसाच्या मालाबरोबर जगभर गेलेला. ज्याला तोवर कोणी कीड मानत नव्हतं तो सोयाबीन आणि सूर्यफुलाची रोपं उगवतानाच खायला लागला. अमेरिकेत कॅन्सस राज्यात तसंच, बिननांगरट सोयाबीनमधे. ऑस्ट्रेलियात कॅनोला म्हणून मोहरीच्या कुळातलं तेलबी आहे, त्यात धसकटं राखायला लागल्यावर तसंच.

सोयाबीनच का, तर त्याची डाळिंबी जमिनीच्या वर येते. ती आणि तिच्याखालचा कोवळा दांडा हे दोन्ही कुरतडले की रोप संपलं, खालून परत फुटवा नाही. ज्वारीचा कोंब तसा नाही, त्याचा वाढीचा डोळा काही दिवस जमिनीखाली राहतो, वरचं पान खाल्लं तरी परत निघतं. काकडी, दोडका, भोपळा, घेवडा यांची गत सोयाबीनसारखीच. म्हणून माळव्यात त्यांचंच नुकसान आधी दिसतं. रोप दोन-तीन आठवड्यांचं झालं, खोड जरा टणक झालं की हाच जीव त्याला ढुंकून बघत नाही. सगळा खेळ त्या पहिल्या वीस दिवसांचा आहे.

आता औषधाचा इतिहास. दुसऱ्या महायुद्धानंतर जगात डीडीटी आणि बीएचसी आले. आपल्याकडं बीएचसीची पांढरी भुकटी माहीत नाही असं घर नव्हतं. मुंग्याला तीच, ढेकणाला तीच, तुरीवर तीच, रोपाच्या बुडाला तीच. १ एप्रिल १९९७ पासून देशात तिच्यावर बंदी आली, कारण ती जमिनीतून, दुधातून, माणसाच्या अंगातून जातच नव्हती. मग बुडाला टाकायला फोरेटचे दाणे. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. या दोन्ही विषांनी जमिनीवरचं सरसकट मारलं. वाणीही मेली, गोळीकिडाही मेला, गांडूळही मेलं, भुंगेही मेले आणि त्यांना खाणारे बेडूक, सरडे, पाखरंही कमी झाले. माझा अंदाज असा, की आपण ज्याला 'पूर्वी नव्हतं' म्हणतो त्यातला काही भाग या विषांनी झाकून ठेवला होता. विष गेलं, काडी परत आली, पाणी वाढलं, पण खाणारी पाखरं आणि बेडूक त्या वेगानं परत आले नाहीत.

नंतरची जी नवी औषधं आली ती मुख्यतः रस शोषणाऱ्या आणि अळीवर्गीय कीटकांसाठी बनवलेली. बोंडअळी, मावा, तुडतुडे. गोळीकिडा खेकड्याच्या जातीचा, गोगलगाय शिंपल्याच्या जातीची. त्यांच्यासाठी ती बनलेलीच नाहीत. डब्यावरच्या माहितीपत्रकात पीक आणि कीड दोन्ही छापलेली असतात, घेण्याआधी वाचून बघा. दुकानदार देतो म्हणून दोन-तीन मिसळून संध्याकाळी मारणारे आपल्याकडं कमी नाहीत. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि मजूर दगावले, हे विसरायला अजून फार वर्षं झाली नाहीत. माळवं तर आपण चार-आठ दिवसांत तोडून खातो किंवा बाजारात नेतो.

गोगलगायीचं मात्र वेगळं बोलायला पाहिजे, कारण ती पाहुणी आहे आणि तिच्या येण्याची तारीख माहीत आहे. आपल्या बांधावर लहान देशी गोगलगायी पूर्वीपासून आहेत. लातूर-बीडकडं ज्या शंखीनं सोयाबीन फस्त केलं ती आफ्रिकी मोठी गोगलगाय. मूळ गाव पूर्व आफ्रिका, केनिया-टांझानियाची किनारपट्टी. तिथून ती मॉरिशसला पोचली. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाचा कंपनी सरकारचा एक अधिकारी, जो शंखशिंपल्यांचा मोठा अभ्यासक होता, त्यानं मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या चौरंगीतल्या एका बागेत गेल्या. दोनच! पण ही जात अशी, की प्रत्येकीत नर-मादी दोन्ही असतात, आणि एक खेप शंभर-दोनशे अंड्यांची, वर्षात अशा बऱ्याच खेपा. पाचशेहून जास्त प्रकारची झाडं-पिकं ती खाते. पाऊस नसला की शंखाचं तोंड चिकट पडद्यानं बंद करून जमिनीत महिनोन् महिने झोपते. एका हौशी माणसाच्या हौसेतून निघालेली ती वेल रोपांबरोबर, मातीबरोबर, बेण्याबरोबर देशभर पसरली.

२०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव, इथं शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरलं, उगवलं आणि रातोरात गेलं. काहींनी दुबार, तिबार पेरलं तेही गेलं. लोकांनी पोती भरभरून गोगलगायी वेचल्या. सरकारला अतिवृष्टी-गारपीट माहीत, गोगलगायीनं पीक गेलं तर पंचनामा कसा करायचा यावरच आधी घोळ झाला. शेवटी सप्टेंबरमधे या तीन जिल्ह्यांना ९८ कोटींच्या पुढं मदत जाहीर झाली. दोन गोगलगायींपासून ९८ कोटींपर्यंतचा हा प्रवास पावणेदोनशे वर्षांचा आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाची गोष्ट तर शाळेत शिकवावी अशी. १९६६ साली एका पोरानं हवाईहून येताना तीन गोगलगायी मायामीला आणल्या. आजीनं त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत अठरा हजारांवर सापडल्या. घरोघर फिरून, वेचून, गोळ्या टाकून १९७५ पर्यंत त्या संपवल्या, दहा लाख डॉलर खर्च आला. २०११ ला परत निघाल्या. यावेळी वास काढणारी कुत्रीसुद्धा शिकवून कामाला लावली. २०२१ ला संपल्या म्हणून जाहीर केलं आणि २०२२ ला दुसऱ्या भागात परत सापडल्या. पैसेवाल्या सरकारची ही कथा. पण त्यांनी संपवल्या त्या कशानं, तर बऱ्याच अंशी माणसं लावून, एकेक वेचून.

आणि हवाईनं काय केलं? १९५५ साली त्यांनी शंखीला खाणारी दुसरी शिकारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडली. शिकारीणीला मोठ्या शंखीपेक्षा तिथल्या झाडांवरच्या लहान, सुंदर देशी गोगलगायी सोप्या पडल्या. कित्येक जाती कायमच्या गेल्या, शंखी तशीच राहिली. उद्या कोणी 'हा जीव सोडा, तो त्याला खातो' म्हणून डबी विकायला आला तर हे आठवा.

गोगलगायीच्या गोळ्यांचाही इतिहास मजेशीर आहे. मेटाल्डिहाईड हे आधी इंधन होतं. डोंगरात फिरणारे लोक चहा उकळायला त्याच्या वड्या जाळायचे. १९३० च्या दशकात युरोपात लोकांच्या लक्षात आलं, की सांडलेल्या वड्यांजवळ गोगलगायी मरून पडतात. तिथून ते गोगलगायीचं विष झालं. आपल्याकडं त्याची अडीच टक्क्यांची गोळी एकरी दोन किलो अशी शिफारस आहे. काम करते, यात शंका नाही. पण तिला कुत्रीही खातात, कोंबड्याही खातात, आणि कुत्र्याला ती लागली तर झटके येऊन मरतं. ब्रिटननं पाखरं आणि रानातले प्राणी मरतात म्हणून २०२२ च्या मार्चअखेर उघड्यावर वापरायला बंदी घातली. त्याच साली आपल्या मराठवाड्यात मात्र तिला मागणी अशी की मिळेना.

तर आता मूळ मुद्द्यावर. गोळीकिडा आणि वाणी ही घरची माणसं आहेत, थोडी आगाऊ झालेली. शंखी ही घुसलेली आहे. दोघांना एकच वागणूक देऊ नका. गोळीकिड्यासाठी भुसकट पेटवून देणारे यंदा मी आमच्याच शिवारात बघितले. वीस दिवसांच्या त्रासासाठी वर्षाचा कर्ब जाळला. पुढच्या वर्षी किडा परत येणार, बांधावरून येतो तो, जळालेला कर्ब येणार नाही.

आधी खात्री करा की खाणारा तोच आहे. रोप आडवं पडलं आणि खाली गोळीकिडा सापडला म्हणजे त्यानंच पाडलं असं धरू नका. रोपमर झाली, बुरशीनं खोड सडलं तरी मेलेलं रोप खायला हा येतोच. दोषी म्हणून पकडला जातो तो मयताला आलेला. खोड पिचपिचीत, तपकिरी, पाण्यानं भिजल्यासारखं असेल तर तो बुरशीचा आजार. खोड तिरकं कापल्यासारखं आणि जवळच्या मातीत मुडपून बसलेली मऊ मातकट अळी निघाली तर ती कटवर्म. जमिनीलगत खरवडल्यासारखं, पानाच्या कडा आतपर्यंत कुरतडलेल्या, तर गोळीकिडा किंवा वाणी. चकचकीत वाळलेली लाळेची रेघ असेल तर गोगलगाय. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन एक फेरी मारली की वाद मिटतो.

गोळीकिड्याला आवरायचं ते त्याची सावली रोपापासून लांब करून. लावण करताना रोपाभोवती वीतभर जागा मोकळी, भुसकट बाजूला सारलेलं. वीस-पंचवीस दिवसांनी खोड टणक झालं की आच्छादन परत जवळ ओढायचं. पाणी सकाळी द्यायचं, संध्याकाळी नाही, म्हणजे रात्री वरचा थर सुकलेला राहतो. शेणखत पूर्ण कुजलेलंच टाकायचं. उकिरड्यावरचं अर्धकच्चं टाकलं की ट्रॉलीतून हजारो किडे आपणच रानात आणतो. मल्चिंगचं छिद्र जरा मोठं करून आत कोरडी माती टाकायची. थोडंच माळवं असेल तर कागदी कपाचं बूड कापून रोपाभोवती जमिनीत बोटभर रोवायचं, हे तर पोरंसोरंही करतात. राख चालते, पण कोरडी असेपर्यंतच, ठिबक सुरू झालं की तिचा चिखल होतो.

आणि सापळा. संध्याकाळी ओलं गोणपाट, जुनी फळी, कलिंगडाची किंवा भोपळ्याची साल ओळीत पालथी ठेवायची. सकाळी उन्हं चढायच्या आत उचलायची. खाली गोळा झालेले साबणाच्या पाण्यात टाका, नाहीतर कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढं झटका. आठ दिवस हे केलं की रोपाजवळची संख्या पडते. रानातला शेवटचा किडा मारायची गरज नाही, भुसकट त्यानंच कुजवायचं आहे.

शंखीचं तसं नाही, ती एकही सोडायची नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट सात-आठ मीटरवर टाकायचं, हा सल्ला कृषी विभाग आणि विद्यापीठ दोघांचाही आहे आणि तो चालतो. वेचताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधाच, तिच्या अंगात माणसाच्या मेंदूला सूज आणणारे बारीक जंत असू शकतात. पोरांना हातानं खेळू देऊ नका. वेचलेल्या बांधापलीकडं भिरकावायच्या नाहीत, ती शेजाऱ्याला दिलेली अंडी आहेत. मीठ किंवा साबण घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि मग खोल खड्ड्यात पुरायच्या. मीठ रानात शिंपडायचं नाही, शंखी मरेल पण जमीन खारवेल. बांधाकडेला, दगडाच्या ढिगाखाली, पाइपाच्या चरीत साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी अंडी पुंजक्यानं असतात, तीही नष्ट करायची. बांधाच्या कडेनं कोरड्या चुन्याचा चार बोटं पट्टा पाऊस उघडला असेल तेव्हा मारायचा. गोळ्या वापरायच्याच झाल्या तर कौलाखाली, पाइपच्या तुकड्यात ठेवायच्या आणि आखाड्यावरचं कुत्रं त्या रात्री बांधायचं.

एकट्यानं वेचून फरक पडत नाही. निम्म्या शिवारानं वेचलं आणि निम्म्यानं बघितलं तर पुढच्या पावसाला सगळं परत पहिल्यासारखं. लातूरकडं ज्या गावांनी पहिल्या पावसातच, अंडी घालायच्या आत, मिळून वेचायला सुरुवात केली त्यांचं काम हलकं गेलं, असं तिकडच्या पाव्हण्यांकडून ऐकतो. आमच्याकडं शंखी अजून मोठ्या संख्येनं नाही, ओढ्याकडच्या पट्ट्यात आणि काही बांधांवर दिसते. म्हणजे वेळ हीच. रोपं, उसाचं बेणं, माती किंवा शेणखत बाहेरून आणणार असाल तर ट्रॉली रिकामी करताना एकदा खाली बघा, ट्रेच्या बुडाला आणि क्रेटच्या कोपऱ्यात हमखास बसलेली असते. पाऊस उघडला की या आठवड्यात ओढ्याच्या बाजूनं रात्रीची एक फेरी घ्यायची असं आमच्या गल्लीतल्या पाच-सहा जणांचं ठरलंय. बॅटरी, बादली आणि हातमोजे ज्यानं त्यानं आणायचे, मीठ माझ्याकडं आहे.